पाकळ्या पाडतं कोण?

प्रश्न : बालाघाटात आमचं तांदळाचं दुकान आहे. चिन्नोर हा मुख्य माल. गोंदियाला कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने दुकानाची वेबसाइट करून दिली. पेज उघडलं की वरून झेंडूच्या पाकळ्या पडतात, 'चिन्नोर' हे नाव एकेक अक्षराने उमटतं आणि फोटोवर माउस नेला की फोटो मोठा होतो. भाच्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. माझ्या मोबाइलवर मात्र पाकळ्या अडखळत पडतात, फोटो मोठा होतच नाही आणि नाव उमटताना अक्षरं मोडल्यासारखी दिसतात. भाचा म्हणतो, 'मामाजी, फोनच बदला.' हे खेळ नेमके करतं कोण? आणि खोट फोनची की पेजची?
– एक वाचक, बालाघाट

उत्तर : फोन बदलू नका. बदललात तर पाकळ्या जरा सफाईने पडतील, पण अक्षरं तशीच मोडतील आणि फोटो तसाच मख्ख राहील. तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यांतल्या दोन तक्रारींचा फोनच्या किमतीशी काही संबंध नाही.

आधी 'करतं कोण' ते पाहू. वेबसाइट उघडल्यावर दूरच्या सर्व्हरवरून तुमच्याकडे फोटो येतात, पण त्याहून महत्त्वाचा असा काही मजकूर येतो. तो तीन प्रकारचा असतो. पेजवर काय काय आहे हे एचटीएमएल सांगतं, ते कसं दिसावं हे सीएसएस सांगतं आणि कधी काय घडावं हे जावास्क्रिप्ट सांगतं. हे सगळं वाचून पेज उभं करतो तो ब्राउझर, आणि ब्राउझर असतो तुमच्या फोनवर. पाकळी किती खाली आली, किती कलली, याचा हिशेब सर्व्हर करत नाही. तो तुमच्या हातातला फोन करतो, तुमची बॅटरी खर्चून करतो. भाच्याकडे तेच काम त्याचा लॅपटॉप करतो. म्हणजे पाकळ्या पाडणारा तुमचाच फोन आहे. भाच्याने फक्त हुकूम लिहून ठेवला आहे.

असे हुकूम लिहायची सोय झाली १९९५ साली. नेटस्केप कंपनीला आपल्या ब्राउझरमध्ये चालेल अशी एक सुटसुटीत भाषा हवी होती. ब्रेंडन आइक या प्रोग्रामरने त्या वर्षीच्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना बनवला. कंपनीत तिला आधी मोका म्हणत, मग ती लाइव्हस्क्रिप्ट झाली आणि डिसेंबरात सन मायक्रोसिस्टिम्सच्या संमतीने तिचं जावास्क्रिप्ट असं बारसं झालं. सनच्या जावा या भाषेचा तेव्हा फार बोलबाला होता, त्या नावाचा फायदा मिळावा एवढाच हेतू. प्रत्यक्षात दोन्ही भाषा अगदी वेगळ्या. तरी 'जावा येतं' म्हणून सांगणाऱ्या पोराला नेमकं काय येतं, हे आजही एकदा विचारून घ्यावं लागतं.

भाषा आली आणि लोकांनी लगेच हौस भागवून घेतली. ब्राउझरच्या तळाशी एक बारीक पट्टी असायची, तिच्यात सरकणारा मजकूर सोडायची तर तेव्हा साथच आली होती. १९९६ च्या नेटस्केप ३ मध्ये पेजवरचं चित्र स्क्रिप्टने बदलता येऊ लागलं. मग लोक एका बटणाची दोन चित्रं काढू लागले, एक साधं आणि एक उजळलेलं. माउस आला की दुसरं दाखवायचं, गेला की पहिलं. ही करामत इतकी पसरली की १९९८ मध्ये सीएसएसच्या दुसऱ्या आवृत्तीने ती आपल्याकडेच घेतली. तेव्हापासून 'माउस वर आला की असं दिस' हे सांगायला स्क्रिप्टची गरज उरली नाही. तुमच्या भाच्याने फोटोसाठी जावास्क्रिप्ट लिहिलं असेल, तर ते पुसून सीएसएसच्या दोन ओळी लिहिता येतील.

स्क्रिप्ट खरी लागते ती दुसऱ्या कामांसाठी. ब्राउझर पेजवर सतत कान लावून बसलेला असतो. बोट टेकलं, उचललं, पेज वर सरकवलं, एखादी कळ दाबली, फोन आडवा केला, की त्या प्रत्येक घटनेची तो आतल्या आत वर्दी देतो. 'अमुक घटना घडली की तमुक कर' असं स्क्रिप्टने आधी सांगून ठेवलेलं असतं. वर्दी आली की तेवढा भाग चालतो आणि पेजवरचं काहीतरी बदलतो, कधी रंग, कधी जागा, कधी मजकूर. स्क्रिप्टचा कुठलाही खेळ घ्या, आतून तो वर्दी आणि बदल याच दोन पायांवर उभा असतो.

मराठी माणसाला या सोयीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो सजावटीत नव्हे, टायपिंगमध्ये. वीसेक वर्षांपूर्वी बहुतेकांच्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवलेला नसे आणि तो बसवणं ही कटकट वाटे. तेव्हा ओंकार जोशी यांची 'गमभन' ही सुविधा अनेक मराठी वेबसाइटींवर असायची. चौकटीत रोमन कळ दाबली की स्क्रिप्ट ती वर्दी मधेच अडवायची आणि रोमन अक्षराऐवजी देवनागरी अक्षर उमटवायची. बोटाखाली अक्षराचं रूप पालटताना पाहणं हा दृश्य खेळच होता, पण त्याने कितीतरी लोकांना पहिल्यांदा मराठीत लिहितं केलं.

आता तुमच्या तक्रारी. पाकळ्या अडखळतात, कारण ब्राउझरमध्ये ही कामं करणारा कारकून एकच असतो. स्क्रिप्ट चालवायची त्याने, पेजची मांडणी करायची त्याने, तुमच्या बोटाची दखल घ्यायची तीही त्यानेच. सगळ्या अर्जांची रांग एकाच खिडकीपुढे. साधारण फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे एका चित्रासाठी त्याला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही की ते चित्र चुकतं आणि आपल्याला गचका जाणवतो. समजा पाकळ्या ४० आहेत. सेकंदाला २४०० वेळा कुठली ना कुठली पाकळी हलवायची आहे. त्यातच भाच्याने पाकळीची जागा 'वरून इतके पिक्सेल, डावीकडून इतके पिक्सेल' अशी बदलली असेल, तर प्रत्येक वेळी कारकुनाला मांडणी पुन्हा तपासावी लागते.

यावरचा उपाय फार अवघड नाही. सीएसएसमध्ये ट्रान्सफॉर्म नावाचा गुण आहे. त्याने वस्तू सरकवली, फिरवली किंवा मोठी केली, तर बाकीच्या पेजची मांडणी आहे तशीच राहते, आणि हे काम ब्राउझर त्या रांगेबाहेर काढून फोनच्या ग्राफिक्स चिपवर टाकू शकतो. पारदर्शकतेचंही तसंच. म्हणून जाणकार लोक हालचाल शक्यतो या दोनच गुणांवर भागवतात. पाकळ्या स्क्रिप्टनेच हलवायच्या असतील, तर घड्याळ लावून दर अमुक मिलिसेकंदाला ढकलण्यापेक्षा ब्राउझरला सांगावं, 'पुढचं चित्र रंगवायच्या आधी मला हाक मार.' ही सोय बरीच वर्षं सगळ्या ब्राउझरमध्ये आहे. तिचा आणखी एक फायदा असा, की दुसरा टॅब उघडून हे पेज मागे गेलं की हाका थांबतात आणि बॅटरी वाचते.

आणि भाच्याला एक सांगा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स असतात, त्यात प्रोसेसरचा वेग मुद्दाम चौपट किंवा सहापट कमी करून पेज चालवून बघता येतं. तुमच्या फोनवर काय होतं ते त्याला त्याच्याच लॅपटॉपवर दिसेल. बालाघाट, वारासिवनी, लांजी, बैहरकडचं गिऱ्हाईक लॅपटॉप उघडून तांदूळ शोधत नाही, मोबाइलवर शोधतं.

फोटोची तक्रार तर दोन ओळींत संपते. माउसचा बाण फोटोवर नुसता तरंगू शकतो, बोट तरंगू शकत नाही. ते एकतर टेकतं किंवा टेकत नाही. त्यामुळे 'वर आला की' ही अट मोबाइलवर नीट पुरीच होत नाही. काही फोन पहिल्या टिचकीला माउस आल्याचं सोंग करतात, पण मग मोठा झालेला फोटो तसाच अडकून बसतो. फोटो टिचकीने मोठा व्हावा आणि पुन्हा टिचकीने मिटावा, हे सरळ. यंत्राला तरंगता येणारं साधन जोडलंय का, हे सीएसएसला विचारताही येतं. असेल तरच माउसचा खेळ लावावा.

खरी मौज आहे ती तिसऱ्या तक्रारीत, आणि तिथे तुमच्या फोनचा आणि भाच्याचाही फारसा दोष नाही. त्याने टाइपरायटरचा इफेक्ट कुठून तरी उचलला असणार. तो लिहिणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : शब्दाचे तुकडे मोजले की अक्षरं मिळतात. रोमन लिपीत ते बहुतेक वेळा खरं ठरतं. देवनागरीत नाही. 'चिन्नोर' हा शब्द तुमच्या-माझ्या डोळ्याला तीन अक्षरांचा आहे : चि, न्नो, र. जावास्क्रिप्टला विचारा, ती सात म्हणेल. युनिकोडमध्ये तो असा साठवलेला असतो : च, मग पहिली वेलांटी, मग न, मग हलन्त, मग पुन्हा न, मग ओकार, शेवटी र. इफेक्ट हे सात तुकडे एकेक करून दाखवतो, भाच्याच्या लॅपटॉपवरसुद्धा. त्यामुळे आधी 'च' दिसतो, मग 'चि' होतो आणि वेलांटी मागाहून येऊन पुढे उभी राहिल्याने 'च' उजवीकडे ढकलला जातो. मग 'चिन', मग 'चिन्', मग 'चिन्न', मग 'चिन्नो'. न पूर्ण दिसतो, त्याचा पाय मोडतो, पुन्हा जुळतो. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानदाराला स्वतःच्या मालाचं नाव धड लिहिता येत नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत घालून तो उडवत, गिरकी घेत आणणं. चौकट वेगळी झाली की मात्रेला तिचं व्यंजन सापडत नाही, आणि ब्राउझर तिच्या शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढून देतो. लग्नपत्रिकेच्या कितीतरी ऑनलाइन नमुन्यांत ही वर्तुळं मी पाहिली आहेत. वधूवरांच्या नावात. कुणी ती पाहूनही तसंच कसं पाठवतं हे मला कोडंच आहे.

तुकडे नीट पाडण्याची सोय आता ब्राउझरमध्येच आहे. इंटल सेगमेंटर असं तिचं नाव. तिला शब्द दिला की ती वाचणाऱ्याच्या डोळ्याला एक वाटणारे तुकडे परत करते. क्रोममध्ये ती २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आली. पण तिच्यातही एक गोम होती. जुन्या नियमांप्रमाणे मात्रा व्यंजनाला चिकटून राहायची, जोडाक्षर मात्र हलन्ताशी तुटायचं. चिन्नोरचे 'चि, न्, नो, र' असे चार तुकडे पडायचे. २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम सुधारला. आता नव्या ब्राउझरात 'न्नो' एकसंध राहतो, जुन्यात तुटतो. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे नवा ब्राउझर असेल असं धरून चालता येत नाही.

म्हणून मी असलो तर टाइपरायटरच्या नादी लागणार नाही. अख्खा शब्द आधीच लिहून ठेवायचा, त्यावर झाकण घालायचं आणि ते झाकण डावीकडून उजवीकडे सरकवत काढायचं. सीएसएसमध्ये वस्तूचा हवा तेवढाच भाग दाखवण्याची सोय आहे, तिने हे सहज होतं. शब्द एकसंध असल्यामुळे एकही मात्रा हलत नाही आणि शिरोरेषा ओढत न्यावी तसा तो उलगडत जातो. देवनागरीला हाच इफेक्ट शोभतो असं माझं मत आहे. स्क्रिप्ट बंद असली किंवा पेज अर्धवट उतरलं, तरी नाव तिथे असतंच.

दोन बारीक गोष्टी याच ओघात. अक्षरांमधलं अंतर वाढवत नेण्याचा इफेक्ट इंग्रजी शीर्षकांवर फार चालतो. देवनागरीत त्याने शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि खालून वर सरकत येणारं शीर्षक ज्या अदृश्य चौकटीतून येतं, तिची उंची पुष्कळदा रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेली असते. मग वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. चौकट दीडपट-पावणेदोनपट उंच ठेवली की काम भागतं.

आता न विचारलेलं थोडं सांगतो. तुमच्या तीन खेळांपैकी फोटोचा खेळ गिऱ्हाइकाने काही केल्यावर होतो, पाकळ्या मात्र कुणी न विचारता पडतात. मी पहिला ठेवीन आणि दुसरा काढीन. आपोआप हलणाऱ्या गोष्टींचा त्रास होणारे लोक असतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड असला, तर पडद्यावरच्या मोठ्या हालचालीने चक्कर येते, मळमळतं. २०१३ मध्ये ॲपलच्या आयओएस ७ मध्ये ॲप उघडताना पडदा झेपावत जवळ यायचा. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की नंतरच्या एका दुरुस्तीत तो इफेक्ट बंद करायची सोय द्यावी लागली. आज आयफोनमध्ये आणि अँड्रॉइडमध्ये, सुलभतेच्या सेटिंगमध्ये, हालचाल कमी करण्याचं बटण असतं. ज्याने ते दाबलं असेल त्याला पाकळ्या दाखवू नका, असं सीएसएसमध्ये एका अटीने सांगता येतं. भाच्याला ही अट माहीत नसेल, तर ती त्याने आज शिकावी असं मी आग्रहाने म्हणेन.

लुकलुकणं तर त्याहून गंभीर. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष म्हणूनच सांगतात की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये, आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त वेळ हलत राहणारी गोष्ट थांबवायची सोय वाचणाऱ्याला द्यावी. तुमच्या पाकळ्या किती वेळ पडतात?

त्यांच्याऐवजी काय ठेवावं, तर तांदळाचा खेळ ठेवा. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे. बाहेरगावच्या माणसाने नाव ऐकलेलं असतं, दाणा पाहिलेला नसतो. एकाच ताटाचे एकाच कोनातून दोन फोटो काढा, एक कच्च्या तांदळाचा आणि एक शिजलेल्या भाताचा. ते एकावर एक ठेवायचे, वरच्याचा डावा भागच दिसू द्यायचा आणि मधली उभी रेघ बोटाने सरकवता आली पाहिजे. रेघ सरकेल तसा दाणा फुलताना दिसेल. रेघेसाठी एचटीएमएलमध्ये तयार सरकपट्टी असते, आवाज कमी-जास्त करायला वापरतात तीच. ती हलली की स्क्रिप्टला वर्दी जाते, स्क्रिप्ट पट्टीवरचा आकडा वाचते आणि वरचा फोटो तेवढा झाकते. चारपाच ओळींचं काम आहे, आणि तयार पट्टी असल्यामुळे कीबोर्डवरूनही चालतं. सुवास काही पाठवता येणार नाही.

हीच युक्ती तुमच्या गावाच्या आणखी एका गोष्टीला लागू पडेल. ज्यांच्याकडे छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, काळचा बालाघाट स्टेशनचा फोटो असेल, त्यांनी त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढावा. ७६२ मिलिमीटर अंतराचे रूळ आणि १६७६ मिलिमीटर अंतराचे रूळ एका रेघेच्या दोन बाजूंना आले, तर शाळेतल्या पोरांना समजावून सांगायला मास्तर लागणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वेबसाइटवर सूचना उजवीकडून डावीकडे सरकत राहिली पाहिजे, असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. हे अजून चालतं का?
– एक शिक्षिका, वारासिवनी

उत्तर : चालतं, पण चालू नये. याला मार्की म्हणतात. तो नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने आणला. त्याच सुमारास नेटस्केपने लुकलुकणारा मजकूर आणला होता. लुकलुकणारा गेला, २०१३ मध्ये फायरफॉक्सने त्याला निरोप दिला. मार्की आजच्या एचटीएमएलमध्ये कालबाह्य ठरवलेला आहे, तरी ब्राउझर तो चालवतात, कारण नाही चालवला तर असंख्य जुनी पेजं मोडतील. व्यवस्थापन ऐकतच नसेल, तर निदान बोट टेकल्यावर तो थांबेल एवढी सोय करा. ऐकत असेल, तर सूचनांची साधी उभी यादी लावा. आधी तारीख, मग विषय, नवी सूचना सर्वांत वर. फी भरायची शेवटची तारीख डाव्या कडेला निघून गेली, की ती पुन्हा उजवीकडून येईपर्यंत पालकांना वाट बघावी लागते, आणि तेवढ्यात ते शाळेत फोन करतात.